जिना चढवते

२ फेब्रुवारी
अर्ज आला. सोळा पानं. सोबत तो कसा भरावा याचं पुस्तक, ते चोवीस पानांचं. ज्याला ही दोन्ही वाचून, समजून, न चुकता भरता येतील त्याला सरकारने भत्ता कशाला, सरळ नोकरीच द्यावी.

अर्ज मदतनीस भत्त्याचा आहे. मंजूर झाला तर माझ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ एक पगारी बाई येईल. मला तशी काही गरज नाही, हे धाकटीचं खूळ. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानाची नवी शाखा दुसऱ्या गावी निघतेय, इथून तीन तासांवर, आणि मालकांनी तिला तिथली मुख्य म्हणून जायला सांगितलंय. एप्रिलअखेर उत्तर हवंय. मी म्हटलं, जा की, तुला बांधून कोणी ठेवलंय? तर म्हणाली, बघू, आधी अर्ज भरू. म्हणजे जायचं नाहीच आहे. पहिल्यापासून घरकोंबडी, आणि निमित्त माझं.

माझी हकीकत थोडक्यात: अठ्ठावीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, सहा वर्षांपूर्वी स्नायूंनी संप पुकारला. आधी पाय बसले, मग हात त्यांना सामील झाले. तोंड अजून कामावर आहे. हाताच्या थरथरीमुळे डायरीतलं अक्षर आता मलाच लागतं, त्यामुळे डायरी सुरक्षित आहे. इथे मी बोलण्यातलं ‘तं’ बिनधास्त लिहिते, येतं, जातं. शाळेत कोणी लेखी कामात ‘तं’ लिहिलं की मी लाल गोल करायची. लिहिताना ‘ते’च. पण इथे तपासणारं कोणी नाही.

अर्ज धाकटी भरतेय. माझ्या वतीने, ‘मी’ म्हणून. प्रत्येक चौकटीखाली ‘थोडक्यात लिहा’ असा दम दिलाय.

५ फेब्रुवारी
अर्ज तपासला. सवय.

चौकट अकरा: ‘सोबत कोण राहते?’ धाकटीने लिहिलंय, ‘धाकटी बहीण.’ चौकट बारा: ‘दैनंदिन हालचाल कशी होते?’ तिथे, ‘मला उठवते, बसवते, चालवते. जिना चढवते.’

वाचून ऊर भरून आला. शक्य क्रियापद! ‘मला चालवते’ म्हणजे मला चालणं शक्य होतं. हल्ली हे येतं कोणाला? जो तो आपला ‘मी चालू शकतो, मी बसू शकतो’ करत बसतो. तिला म्हटलंसुद्धा, शेवटी थोरलीची शिकवण कुठेतरी झिरपली गं. एकच चूक सापडली. जिना पुल्लिंगी, म्हणजे शक्य क्रियापद जिन्याप्रमाणे चालणार, ‘मला जिना चढवतो’. ‘चढवते’ कसं होईल? लाल पेन मागवला, ‘ते’ला एक काना दिला, ‘तो’ झाला. शेजारी सही केली, कारण अर्जातली खाडाखोड सहीशिवाय धरत नाहीत.

धाकटी त्या कान्याकडे बराच वेळ बघत राहिली. “अगं ताई, पण ते...” म्हणाली, आणि मग म्हणाली, “असू दे. तू म्हणशील तसं.” आणि कपडे धुवायला गेली. बादली जरा जोरातच आपटली. चूक दाखवलेली तिला लहानपणापासून सोसत नाही.

२० फेब्रुवारी
बोलावणं येऊन चार दिवस झाले. पत्रात शब्द आहे ‘मूल्यमापन’. आजवर मी लोकांच्या मुलांचं केलं, आता माझं होणार. ठीक आहे, परीक्षेला मी कधी भ्यायले नाही.

तयारी सुरू केली. शर्टाचं एक बटण लावायला चार मिनिटं लागायची, चार दिवसांत अडीचवर आणलं. खोलीत भिंतीकडेने दहा पावलं, सकाळ-संध्याकाळ. मी चालते आणि मागून धाकटी पट्टा धरते. पट्टा म्हणजे जुन्या पिशवीचा रुंद बंद, माझ्या कमरेला बांधलेला. ही तिचीच अक्कल. तिच्या समाधानासाठी मी धरू देते.

धाकटी म्हणाली, ताई, तिथे आहे तसं सांग, फक्त चांगल्या दिवसाचं सांगू नकोस. मी म्हटलं, परीक्षेत कोणी आपल्या वाईट दिवसाचं उत्तर लिहितं का?

६ मार्च
पेपर छान गेला.

कचेरी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चालू आहे, चकचकीत आहे. तिच्यावर कागद चिकटवलाय, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना तपासायला ज्यांचे चालतात ते लिफ्टने जातात. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं तर म्हणाला, वर येणं हा तपासणीचा भाग नाही, तपासणी वर आहे. माणूस तत्त्वज्ञ निघाला.

अठरा पायऱ्या. घरच्या बावीस आहेत, त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. नेहमीच्या पद्धतीने चढलो: धाकटी एक पायरी खाली, तिचा गुडघा माझ्या गुडघ्यामागे, एक हात पट्ट्यात, दुसरा माझ्या काखेत. ती ‘हं’ म्हणते, गुडघा रेटते, माझा पाय वर जातो. आठव्या पायरीवर आणि चौदाव्या पायरीवर तिला थांबावं लागलं. घामाघूम झाली होती. या वयात एवढी धाप लागते म्हणजे काय? व्यायाम नाही काही.

बाकावर शेजारी एक रंगारी होते. उजवा हात मनगटापासून नाही, यंत्रात गेला. दरवर्षी त्यांना इथे बोलावतात आणि सुधारणा आहे का विचारतात. मी विचारलं, मग काय सांगता? म्हणाले, “अंगठा फुटायला लागलाय म्हणून सांगितलं गेल्या वर्षी. त्यांनी लिहून घेतलं आणि सहा महिने भत्ता बंद केला.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “बाई, एक सांगू? इथे हुशारी दाखवायची नसते.” मी हसले. हात गेला की माणूस कडवट होतो.

सोबतच्यांनी बाहेर थांबायचं होतं, त्यामुळे धाकटीने मला खुर्चीत बसवलं आणि ती गेली. तपासनीस बाई लहानच, गोड, पण मान काही वर करेना. समोर चौकटींचा कागद, त्यात खुणा करायच्या. मी मनात तिचं नाव चौकटबाई ठेवलं. प्रश्न सगळे एका वाक्यात उत्तरे द्या छापाचे. स्वयंपाक होतो का? होतो. आंघोळ रोज होते का? रोज होते. कपडे धुतले जातात का? जातात. घरी येणं-जाणं जिन्याने? जिन्यानेच. बटण लावून दाखवलं, दोन मिनिटं दहा सेकंद. माझं आजवरचं सर्वोत्तम.

मग तिने अर्जावरच्या लाल कान्यावर बोट ठेवून विचारलं, ही दुरुस्ती कोणाची? मी म्हटलं, माझी, आणि शक्य क्रियापद समजावून सांगितलं. तिच्यामागे भिंतीवर ‘सुचना’ असा फलक होता. ‘सू’ दीर्घ हवा, तेही सांगितलं. तिने लगेच टिपून घेतलं. शिकायची वृत्ती आहे मुलीत.

घरी आल्यावर धाकटीने एकेक प्रश्न विचारून घेतला. मी उत्तरं सांगत गेले तशी तिने डोळे मिटून घेतले. ऊन लागलं असावं.

८ मार्च
धाकटीची पाठ धरलीय. बादली उचलताना लचक भरली म्हणे. मी तिला सांगितलं, उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. हो म्हणाली.

२७ मार्च
निकाल लागला. नापास.

इथे गुण उलटे असतात. जितकं जमत नाही तितके जास्त. किमान बारा हवेत. मला दोन. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले आणि तेही सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून. अहवाल वाचण्यासारखा आहे. ‘अर्जदार ठरल्या वेळी पहिल्या मजल्यावर जिन्याने उपस्थित.’ उपस्थित नसते राहिले तर अर्ज बाद, राहिले तर पाय शाबूत. आडात पडा नाहीतर विहिरीत. ‘सूक्ष्म हस्तकौशल्य टिकून आहे, अर्जात स्वतः दुरुस्ती केली आहे.’ म्हणजे तो काना. ‘अर्जदाराने स्वतःच नमूद केले आहे: मला उठवते, बसवते, चालवते, जिना चढवतो.’ निदान वाक्य तरी शुद्ध उतरवलंय. आणि दोन गुण मिळाले ते कशाचे? ‘संभाषणात सौम्य अडचण: वारंवार विषयांतर.’ विषयांतर म्हणजे ‘सू’. सूर्यावर थुंकायला गेले आणि... जाऊ दे.

धाकटीने पत्र वाचलं, पुन्हा त्याच्याच घड्यांवर दुमडलं आणि म्हणाली, ठीक आहे, दुकानात नाही म्हणून सांगते. बघा. मी काय म्हणत होते? हिला जायचंच नव्हतं.

संध्याकाळी कपाटावरून एक कोरी प्रवासी बॅग काढून परत करायला घेऊन गेली. चेन नीट नाही म्हणाली. मी मागे एकदा ती चेन लावून बघितली होती, माझ्या या हातांनीसुद्धा सरसर सरकली होती. दुकानदार बरा, घेतली परत.

३ एप्रिल
आज अकरा वाजेपर्यंत मी अंथरुणात होते.

सातला जाग आली. नेहमीप्रमाणे वाट बघितली. कशाची ते आजवर कधी मनात आलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवरून धाकटी म्हणाली, “थांब हं ताई, उठवते तुला.” आणि मग एक आवाज आला, माणसाचा वाटेना असा. तिची पाठ पूर्ण धरली होती. तिला कुशीवरही वळता येईना.

दोन खाटा, दोन बहिणी, मध्ये तीन हात जमीन. माझ्या उशाशी पाण्याचा पेला होता, रोज असतो. मला वाटायचं मी तो रोज उचलते. आज कळलं की मी तो रोज तिच्या हातातून घेते. नऊच्या सुमारास अंथरूण ओलं झालं. लिहून ठेवतेय, कारण इथे तपासणारं कोणी नाही. धाकटीला वासावरून कळलं असणार. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि मी तिला दरडावत होते की रडू नकोस, पाठीवर ताण येतो.

अकराला शेजारची शिवणकामवाली कपडे द्यायला आली. रात्री कडी लावायची राहिली होती, ती दार ढकलून आत आली म्हणून निभावलं. तिने मला साफ केलं, दोघींना चहा दिला, धाकटीला गोळी दिली. जाताना म्हणाली, ही पोर रोज एकटी करते हे सगळं? कमाल आहे.

दुपारी मी अहवालासोबत आलेली अर्जाची प्रत मागितली. डोक्यात सकाळपासून एकच शब्द फिरत होता, उठवते. उठवते तुला.

चौकट अकरा. ‘धाकटी बहीण.’ मग छापील रेघ. चौकट बारा. ‘मला उठवते, बसवते, चालवते.’ रेघेवरून नजर काढली आणि सलग वाचलं. धाकटी बहीण मला उठवते, बसवते, चालवते. जिना चढवते.

शक्य नव्हे, प्रयोजक! एकजण दुसऱ्याकडून क्रिया करवतो ते. आई बाळाला चालवते, हे उदाहरण मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि ‘चढवते’ चूक नव्हती. ते जिन्याप्रमाणे चालतच नव्हतं, धाकटीप्रमाणे चालत होतं. सबंध अर्जात तो एकच शब्द असा होता की ज्यावरून कोण चढतं आणि कोण चढवतं ते कळावं. मी त्याला काना दिला आणि वर सही केली. जन्मभर पोरांना ओरडत आले की आधी कर्ता शोधा, कर्ता शोधा. माझा कर्ता शेजारच्या खाटेवर झोपतो.

विचारलं तिला, तेव्हाच का नाही बोललीस?

“तू किती खूश होतीस, ताई. शिकवण झिरपली म्हणालीस.”

मी रडले. खूप रडले. एवढं रडून डोळे पुसायला तिलाच उठता येईना, म्हणून तसेच वाळू दिले.

५ एप्रिल
अपील करायचं. धाकटी नको म्हणतेय, पाठ होईल बरी, आजवर चाललं तसं चालेल. चालेल नव्हे, चालवशील, मी म्हटलं. तिला हसू आलं आणि हसल्यावर पाठीत कळ आली. मग कबूल केलं की दुकानात अजून नाही म्हणून सांगितलंच नाहीये. जीभ रेटली नाही म्हणे. मालक महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत.

अपिलाचं कारण लिहायला मोठी चौकट आहे. शिवणकामवालीने माझ्या सांगण्यावरून लिहिलं: ‘अर्जदाराची व्याकरणाची चूक.’ असलं कारण त्यांनी आजवर पाहिलं नसेल.

२१ एप्रिल
सुनावणी तळमजल्यावर होती. का, तर तिघांपैकी मधल्या गृहस्थांचे गुडघे दुखतात. दया येते कुठे कुठे, नाही असं नाही.

बाहेर रंगारी भेटले, त्यांचीही सुनावणी होती. अंगठ्याचं काम कुठवर आलं विचारलं. म्हणाले, “कंत्राटदार पळाला.” यावेळी मी हसले ते मनापासून.

टेबलापलीकडे तिघे. एक सारखे खोकत होते, एक बाई घड्याळ बघत होत्या, मधले तेवढे वाचत होते. म्हणाले, इथे तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला चालता येतं. मी शक्य आणि प्रयोजक समजावून सांगितलं, चौकट अकरा आणि बारा सलग वाचून दाखवली. खोकणारे म्हणाले, हे व्याकरण झालं, प्रकृतीचं काय? बरोबर होतं त्यांचं. मी धाकटीला म्हटलं, माझा पट्टा सोड आणि तिकडे खुर्चीवर जाऊन बस. काही झालं तरी उठू नकोस.

मग उठायला लागले. पंधरा दिवस घोकून केलेल्या तयारीचं नव्हे, खरं उठणं. खुर्चीचे हात धरले. हातच थरथरत होते, पाय कुठे आहेत ते पायांनाही ठाऊक नव्हतं. धाकटी तीनदा अर्धी उठली, तिन्ही वेळा मी बस म्हटलं. घड्याळवाल्या बाईंनी घड्याळ बघायचं सोडलं. किती वेळ गेला माहीत नाही. मला बूडसुद्धा उचलता आलं नाही. घामाने कपडे अंगाला चिकटले, आणि ज्या जिभेचा मला एवढा तोरा ती कोरडी पडली.

अठ्ठावीस वर्षांत इतक्या हळू आवाजात मी कधी वाक्य सांगितलं नसेल. म्हटलं, “मला उठवत नाही. चालवत नाही. जिना चढवत नाही. ही माझी बहीण. ही मला उठवते, चालवते, जिना चढवते.”

तेव्हा आठवलं की शक्य क्रियापद आपण रोजच्या बोलण्यात वापरतो ते असंच, नकारात. चालवत नाही, बघवत नाही, सांगवत नाही. होकारातलं फक्त पुस्तकात.

मधले म्हणाले, “मग तपासणीत सगळं जमतं म्हणून का सांगितलंत?”

“कारण मला ते खरं वाटत होतं,” मी म्हटलं.

त्यांच्याकडे लाल पेन मागितला. होता. अर्जावरचा काना खोडला, ‘तो’चा पुन्हा ‘ते’ केला, शेजारी सही केली. सहीला चार मिनिटं लागली. तिघेही बघत होते, कोणी खोकलंसुद्धा नाही.

२९ एप्रिल
चौदा गुण! बारा लागतात. इतकं कमी येतं म्हणून इतका आनंद झालेली मी शाळेतली पहिलीच. आदेशात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. एकही कोणाला सांगणार नाही.

धाकटीने दुकानात फोन केला. बोलताना आवाज असा काही होता की मी ओळखलाच नाही. घरकोंबडी म्हणे. बॅग पुन्हा आणली, तीच. यावेळी चेन नीट होती.

११ मे
मदतनीस बाई आठवडाभर येतेय. हाडापेराने मोठी, कमी बोलते. धाकटीने तिला सगळं दाखवलं, गुडघा कुठे लावायचा, पट्टा कसा धरायचा, हं कधी म्हणायचं. मी ऐकत होते. सहा वर्षांत तिने काय काय शोधून काढलं होतं ते मला काल कळलं.

आज धाकटी गेली. मी हट्टाने दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची लावून घेतली. रोज ती कामाला जाते तेव्हा मी आत असते, दार लागल्याचा आवाज तेवढा येतो. माझ्याबरोबर असते तेव्हा ती मागे असते किंवा पुढे, माझ्या वजनाखाली. ती पाया पडायला वाकली तर म्हटलं, गुडघ्यात वाक. मग तिने बॅग उचलली आणि निघाली.

बावीस पायऱ्या. मी मोजायला लागले आणि चुकले, कारण ती दोन-दोन पायऱ्या गाळून उतरत होती. वळणावर कठड्याला हात लावून गिरकी घेतली आणि दिसेनाशी झाली.

जिना ती असा उतरते हे मला माहीतच नव्हतं.